१७६६३१९०४९ : साठ सोपा, बासष्ट सोपा, मग एकसष्टचंच उत्तर एवढं मोठं का?

काळीमाती (जि. वाशीम)
शनिवार, रात्री ९:१२

मंडळी, एक साधा प्रश्न घ्या. एका पूर्ण संख्येचा वर्ग करायचा, त्याला ६० ने गुणायचं, वर १ मिळवायचा. येणारं उत्तर पुन्हा कुणाचा तरी पूर्ण वर्ग असलं पाहिजे. ४ घेऊन पाहा. ६० × १६ = ९६०, अधिक १ म्हणजे ९६१, आणि ९६१ हा ३१ चा वर्ग. आता ६० च्या जागी ६२ घ्या. इथे ८ चालतो. ६२ × ६४ = ३९६८, अधिक १ म्हणजे ३९६९, हा ६३ चा वर्ग. आठवीतलं पोरगं पाढ्यांच्या जोरावर दोन्ही काढतं.

आता मधला ६१ घ्या. शंभरपर्यंत शोधा, हजारापर्यंत शोधा, पार कोटीपर्यंत जा, एकही संख्या चालत नाही. पहिली चालणारी संख्या आहे २२६१५३९८०, म्हणजे बावीस कोटी एकसष्ट लाख त्रेपन्न हजार नऊशे ऐंशी. तिच्या वर्गाला ६१ ने गुणून १ मिळवला की १७६६३१९०४९ चा वर्ग येतो. एक अब्ज शहात्तर कोटी त्रेसष्ट लाख एकोणीस हजार एकोणपन्नास.

भास्कराचार्यांनी इ.स. ११५० च्या सिद्धांतशिरोमणीतल्या 'बीजगणित' या भागात ६१ चंच उदाहरण घेऊन ही जोडी काढली आहे. त्यानंतर पाचशे वर्षांनी, १६५७ मध्ये, फ्रान्सच्या फर्माने हाच ६१ युरोपातल्या गणितज्ञांपुढे आव्हान म्हणून ठेवला. भास्कराचार्यांचं बीजगणित कोलब्रुकने संस्कृतातून इंग्रजीत आणलं ते थेट १८१७ साली. म्हणजे दोन वेगळ्या देशांत, दोन वेगळ्या काळांत, दोन कसलेल्या माणसांचं बोट नेमकं याच संख्येवर गेलं. तिच्यात दम आहे हे दोघांनाही कळलं होतं.

आपल्याकडे हा आकडा भाषणात सांगतात, लोक टाळ्या वाजवतात आणि विषय संपतो. मला ते खटकतं. हा आकडा एका पानावर, हाताने निघतो. ते पान इथे मांडतो.

आधी नियम. ब्रह्मगुप्तांनी इ.स. ६२८ मध्ये दिलेला, त्याला 'भावना' म्हणतात. ६१ × कनिष्ठ² + क्षेप = ज्येष्ठ² अशी मांडणी धरा. कनिष्ठ म्हणजे लहान संख्या, ज्येष्ठ म्हणजे मोठी, क्षेप म्हणजे वर मिळवायचा तो आकडा. अशा दोन मांडण्या हाती असल्या की तिसरी तयार होते:

नवा कनिष्ठ = एकाचा कनिष्ठ × दुसऱ्याचा ज्येष्ठ, अधिक उलट गुणाकार
नवा ज्येष्ठ = दोन्ही ज्येष्ठांचा गुणाकार + ६१ × दोन्ही कनिष्ठांचा गुणाकार
नवा क्षेप = दोन्ही क्षेपांचा गुणाकार

आपल्याला क्षेप १ वर आणायचा आहे. सुरुवात हाताशी असलेल्या वर्गापासून करू. ८ चा वर्ग ६४, तो ६१ पेक्षा ३ ने जास्त. म्हणून पहिली मांडणी: कनिष्ठ १, ज्येष्ठ ८, क्षेप ३.

इथे चक्रवालाची पायरी येते. चक्रवाल म्हणजे तीच पायरी फिरून फिरून करत क्षेप हवा तसा आणायची जुनी रीत. अशी संख्या शोधायची की १ × ती + ८ याला ३ ने नि:शेष भाग जाईल, आणि तिचा वर्ग ६१ च्या शक्य तितका जवळ असेल. १, ४, ७, १० या चालतात. ७ चा वर्ग ४९, ६१ पासून १२ अंतरावर. १० चा वर्ग १००, तो ३९ ने लांब. म्हणून ७ घ्यायचा.

नवा कनिष्ठ = (१ × ७ + ८) ÷ ३ = ५
नवा ज्येष्ठ = (८ × ७ + ६१ × १) ÷ ३ = ११७ ÷ ३ = ३९
नवा क्षेप = (४९ − ६१) ÷ ३ = उणे ४

पडताळा: ३९ चा वर्ग १५२१, ६१ × २५ = १५२५. फरक उणे ४. बरोबर.

आता क्षेप उणे ४ आहे म्हणून कनिष्ठ-ज्येष्ठ दोन्ही निम्मे करा. ५/२, ३९/२, क्षेप उणे १. इथून पुढे नुसती भावना.

स्वतःशीच भावना: १९५/२, १५२३/२, क्षेप १.
याची पुन्हा ५/२, ३९/२ शी भावना: ३८०५, २९७१८, क्षेप उणे १.
याची स्वतःशीच भावना: २२६१५३९८०, १७६६३१९०४९, क्षेप १.

संपलं. चक्रवालाची एक पायरी आणि तीन भावना. प्रत्येक गुणाकार वहीत करून पाहा, कॅल्क्युलेटर नको. प्रश्न, शंका, तुमच्या शाळेतले अनुभव, सगळं इथे येऊ द्या.


पळसफूल (ता. उमरखेड)
शनिवार, रात्री ९:५०

सर, फार सुंदर मांडलंत. मी वहीत केलं, जुळलं. एकच अडलं. आपल्याला पूर्ण संख्या हव्यात, मग मधेच ५/२ आणि ३९/२ कसे चालले? माझ्या मुलीनेही हेच विचारलं, ती नववीत आहे.


काळीमाती
शनिवार, रात्री १०:०५

ताई, लेकीने नेमकं बोट ठेवलंय. भावनेचा नियम अपूर्णांकांनाही तितकाच लागू पडतो, म्हणून मधल्या वाटेत ते आले तरी बिघडत नाही. शेवटाला पूर्ण संख्या आल्या पाहिजेत, एवढीच अट. आणि त्या कशा येतात ते तिला दाखवा. तिसऱ्या ओळीत कनिष्ठ काढताना १९५ × ३९ = ७६०५ आणि १५२३ × ५ = ७६१५, बेरीज १५२२०, खाली छेद ४. भागाकार ३८०५, बाकी शून्य. ज्येष्ठ काढताना ५९३९७ + ५९४७५ = ११८८७२, तोही ४ ने तुटतो आणि २९७१८ येतो. सगळ्या जागी विषम संख्या होत्या म्हणून हे घडलं. ते का, ते तिलाच शोधू द्या.


संत्राबाग (ता. वरुड)
रविवार, सकाळी ७:३०

मास्तर, मी संगणकावर एक्सेलमध्ये दोन्ही आकडे टाकून पाह्यले. मोठ्याचा वर्ग वजा ६१ गुणिले लहान्याचा वर्ग. उत्तर ० येऊन रायलं. १ यायले पायजे होता ना? आता कोणाचं खरं मानायचं, भास्कराचार्याचं का कॉम्प्युटरचं?


पायरी_पायरी (नागपूर, मूळगाव आर्वी)
रविवार, सकाळी ८:१५

संत्राबाग भाऊ, भास्कराचार्यांचं. सविस्तर सांगतो.

दोन्ही बाजू पूर्ण लिहिल्या तर अशा आहेत:
६१ × २२६१५३९८०² = ३११९८८२९८२८६०२६४४००
१७६६३१९०४९² = ३११९८८२९८२८६०२६४४०१

एकोणीस अंकी संख्या, फरक फक्त शेवटच्या अंकात. एक्सेल साधारण पहिले १५ अंक सांभाळतं, पुढच्या जागी शून्य दाखवतं. आत संख्या साठवायची पद्धत अशी आहे की एवढ्या आकाराला दोन शेजारच्या साठवता येणाऱ्या संख्यांत ५१२ चं अंतर पडतं. म्हणजे १ चा फरक ठेवायला तिथे जागाच नाही. दोन्ही संख्या एकाच खणात जाऊन बसतात आणि वजाबाकी ० येते. मोठ्या पूर्ण संख्या जशाच्या तशा ठेवणारी भाषा वापरली, उदाहरणार्थ पायथन, तर उत्तर नीट १ येतं.

पण संगणकाची गरजच नाही, आणि मला या आकड्यातलं सगळ्यात जास्त आवडतं ते हेच. काळीमाती सरांच्या तिसऱ्या ओळीतले २९७१८ आणि ३८०५ घ्या.

२९७१८ चा वर्ग = ८८३१५९५२४
६१ × ३८०५ चा वर्ग = ६१ × १४४७८०२५ = ८८३१५९५२५

लागोपाठच्या दोन संख्या! एक पूर्ण वर्ग, दुसरी एका वर्गाची ६१ पट. आणि या दोघींची बेरीज म्हणजे १७६६३१९०४९.

आता पहिलीला न म्हणा. दुसरी न + १. आपला मोठा आकडा २न + १. त्याचा वर्ग ४न² + ४न + १, म्हणजे ४ × न × (न + १) + १. आणि लहान आकडा आहे २ × २९७१८ × ३८०५, त्याच्या वर्गाची ६१ पट करा, ती येते ४ × न × (न + १). फरक १. सिद्ध झालं.

एकोणीस अंकी गुणाकार करायची वेळच आली नाही. पाच अंकी संख्येचा एक वर्ग, चार अंकी संख्येचा एक वर्ग आणि एक ६१ ची पट, एवढ्यावर पूर्ण खात्री. शाळेच्या फळ्यावर मावतं.


संत्राबाग
रविवार, सकाळी ८:४०

भाऊ, आता समजलं. २९७१८ चा वर्ग हातानं केला, आला. हे तं कागदावरच पक्कं होते.


खतावणी (हिंगणघाट)
रविवार, सकाळी ११:२०

नमस्कार. मी जिनिंगमध्ये हिशेब लिहिण्यात आयुष्य घातलं. आमच्या वेळी कापसाच्या गाड्यांची बेरीज-गुणाकार झाला की नवाचा ताळा घेतल्याशिवाय पान उलटत नसत. म्हणून हा आकडा दिसल्याबरोबर ताळा घेतला.

२२६१५३९८० चे अंक मिळवले: २+२+६+१+५+३+९+८+० = ३६, म्हणजे ९, म्हणजे ताळ्यात शून्य. वर्ग शून्य, ६१ पट शून्य, अधिक १, ताळा १.
१७६६३१९०४९ चे अंक: १+७+६+६+३+१+९+०+४+९ = ४६, ४+६ = १०, म्हणजे १. वर्गाचा ताळा १. जुळला.

पण नवाचा ताळा आंधळा असतो. दोन अंकांची अदलाबदल झाली, ६३ चे ३६ लिहिले गेले, तर तो ओरडत नाही. त्यासाठी अकराचा ताळा. उजवीकडून एक सोडून एक अंक घ्यायचे. १७६६३१९०४९ मध्ये ९+०+१+६+७ = २३. उरलेले ४+९+३+६+१ = २३. दोन्ही सारखे! म्हणजे या आकड्याला ११ ने पूर्ण भाग जातो. भागून पाहिला: १६०५७४४५९, बाकी काही नाही.

लहान आकड्याचे २२ आणि १४, फरक ८. ८ चा वर्ग ६४, अकराने बाकी ९. ६१ ची बाकी ६. ६ × ९ = ५४, अधिक १ = ५५, अकराने बाकी शून्य. दोन्ही ताळे बसले.

नातवंडांना शाळेत हे ताळे कुणी शिकवत नाही याचं मला वाईट वाटतं. पाचवीपासून शिकवायला हवेत.


काळीमाती
रविवार, दुपारी १२:०२

काका, तुमचा प्रतिसाद छापून वर्गात लावतो. ११ ने भाग जातो हे किती पुस्तकांत असेल कोण जाणे, तुम्ही बेरजेत काढलंत.


जोतं_ते_स्लॅब (ता. दारव्हा)
रविवार, रात्री ८:३५

मास्तर, मी बांधकाम करतो, शिक्षण बारावी. ६१ पाहून एक गोष्ट आठवली म्हणून लिहितो.

आमच्याकडे गोडाऊनचं जोतं ५० बाय ६० चं आलं की चार खुट्या ठोकतो, लाईनदोरी बांधतो, फक्की मारायच्या आधी क्रॉस तपासतो. दोन्ही क्रॉस सारखे आले म्हणजे कोपरे गुण्यात. पण एक बाजू पक्की करून सुरुवातीलाच क्रॉस किती धरायचा ते माहीत असलं की काम पटकन होते. माझ्या उस्तादांनी सांगितलेलं माप: ५० बाय ६० ला अठ्ठ्याहत्तर फूट आणि वर सव्वा इंच. ५० चा वर्ग २५००, ६० चा ३६००, मिळून ६१००. म्हणजे ते ६१ चंच वर्गमूळ झालं ना? टेपवर ७८ फुटांचा खिळा धरला की हेल्परला नुसतं सव्वा इंच पुढं सरकवायचं, असं आमचं चालते.


काळीमाती
रविवार, रात्री ९:१०

दादा, अगदी तेच. ५ आणि ६ बाजूंच्या आयताचा कर्ण म्हणजे √६१. आणि तुमच्या उस्तादांचे ७८ फूट चक्रवालातूनच येतात असं म्हटलं तरी चालेल! पहिल्या पायरीत ३९ आणि ५ निघाले होते. ३९ ÷ ५ = ७.८, दहापट केलं की ७८. क्षेप उणे ४ होता, म्हणजे ३९ च्या वर्गाला ४ कमी पडत होते. तोच कमीपणा टेपवर सव्वा इंच होऊन दिसतो. नेमकं सांगायचं तर १.२३ इंच.

पुढची जोडी घ्या. २९७१८ ÷ ३८०५ = ७.८१०२४९६७… इथे दशांशानंतरचे आठ अंक बरोबर येतात. आणि शेवटची, १७६६३१९०४९ ÷ २२६१५३९८०, ही √६१ शी दशांशानंतर १७ अंकांपर्यंत जुळते: ७.८१०२४९६७५९०६६५४३९. क्षेप १ वर आणण्याचा खटाटोप कशासाठी, त्याचं हे एक उत्तर. ६१ ला पूर्ण वर्गमूळ नाही, ते कुठल्याही अपूर्णांकात मावत नाही, पण त्याच्या इतक्या जवळ जाणारा अपूर्णांक दोन पूर्ण संख्यांनी हाती येतो.


गाविलगड (अचलपूर)
सोमवार, सकाळी १०:४५

इतिहासाच्या बाजूने थोडी भर घालते. विदर्भातल्या वाचकांना हे ठाऊक असायला हवं.

भास्कराचार्यांच्या 'बीजगणिता'वर इ.स. १६०० च्या आसपास कृष्ण दैवज्ञांनी 'बीजपल्लव' नावाची टीका, म्हणजे भाष्य, लिहिलं. नुसते नियम सांगून न थांबता त्यांनी उपपत्ती दिल्या, म्हणजे नियम का लागू पडतो ते दाखवलं. त्यांना जहांगीर बादशहाचा आश्रय होता आणि काम काशीला झालं. पण घराणं मूळचं विदर्भातलं. पयोष्णी नदीकाठचं दधिग्राम, एलिचपूरच्या परिसरातलं. एलिचपूर म्हणजे आताचं आमचं अचलपूर. याच घराण्यात रंगनाथ झाले, ज्यांची सूर्यसिद्धांतावर टीका आहे, आणि त्यांचे पुत्र मुनीश्वर, ज्यांनी लीलावतीवर लिहिलं.

आणि खुद्द भास्कराचार्यांच्या घराण्याचा शिलालेख चाळीसगावजवळच्या पाटणला आहे. त्यांच्या नातवाने, चांगदेवाने, तिथे त्यांचे ग्रंथ शिकवण्यासाठी मठ काढला, यादवांच्या काळात. बुलढाण्यापासून ते काही फार लांब नाही.

मला या दोन गोष्टी एकत्र सांगाव्याशा वाटतात, कारण मठ काढून शिकवणारे होते आणि चार शतकांनी उपपत्ती लिहिणारे होते म्हणून हा आकडा आपल्यापर्यंत आला.


रानपाखरू
सोमवार, सकाळी ११:३०

म्हणजे सगळं आपल्याकडे आधीच होतं. युरोपने काहीच नवीन केलं नाही. वर या प्रश्नाला 'पेलचं समीकरण' असं नाव लावून मोकळे झाले.


काळीमाती
सोमवार, दुपारी १:२०

रानपाखरू, नावाबद्दल तुमचं म्हणणं खरं आहे. पेल या इंग्रज गणितज्ञाचं नाव ऑयलरने चुकून दिलं. फर्माच्या आव्हानानंतर तिकडे रीत काढली होती ब्राउंकरने. आणि आपल्याकडेही चक्रवाल एकट्या भास्कराचार्यांचं नाही, त्यांच्या आधी जयदेव नावाच्या गणितज्ञाने ते दिलं आहे. अकराव्या शतकातल्या एका टीकेत ते जपलं गेलंय. श्रेय द्यायचं तर त्यालाही द्यायला हवं.

पण 'युरोपने काहीच केलं नाही' हे मला मान्य नाही. चक्रवाल दरवेळी उत्तर देतं हा अनुभव होता. पूर्ण वर्ग नसलेल्या प्रत्येक संख्येला उत्तर असतंच, याची सिद्धता लाग्रांजने अठराव्या शतकात दिली. रीत शोधणं आणि ती कधीच अडणार नाही हे सिद्ध करणं, ही दोन वेगळी कामं आहेत आणि दोन्ही मोठी. जर्मन गणित-इतिहासकार हांकेलने चक्रवालाबद्दल लिहिलंय की लाग्रांजच्या आधी संख्या-सिद्धांतात (पूर्ण संख्यांच्या गणितात) यापेक्षा सरस काही झालं नाही. तुलना त्यानेच लाग्रांजशी केली. याहून मोठा मान कोणता?


पळसफूल
सोमवार, रात्री ९:०५

शीर्षकातला प्रश्न राहिलाच की सर. साठ आणि बासष्ट सोपे, मग ६१ एवढा अवघड का?


पायरी_पायरी
सोमवार, रात्री ९:४०

मी प्रयत्न करतो. ६२ = ८² − २. कुठलीही संख्या 'वर्ग वजा २' अशी असली की उत्तर आपोआप मिळतं: लहान संख्या तो वर्ग ज्याचा आहे तीच, इथे ८, आणि मोठी वर्ग वजा १, इथे ६३. ६० = ८² − ४. सम संख्येचा वर्ग वजा ४ असला की लहान संख्या तिची निम्मी, ४, आणि मोठी वर्गाच्या निम्म्यातून १ वजा, ३१. हे दोन्ही साचे तयार आहेत. ६१ = ८² − ३, त्याला असा साचा नाही.

दुसरं, ६१ ही मूळ संख्या आहे आणि ४ ने भागल्यावर १ उरतो. अशा मूळ संख्येला आधी क्षेप उणे १ चं उत्तर असतंच, आणि क्षेप १ चं सगळ्यात लहान उत्तर त्याची स्वतःशी भावना केल्यावरच मिळतं. त्या भावनेत अंक जवळजवळ दुप्पट होतात. २९७१८ पाच अंकी, तिथून थेट दहा अंकी. फर्माने ६१ सोबत १०९ ही दिला होता. तीही मूळ संख्या, तीही ४ ने भागून १ उरणारी. तिचं मोठं उत्तर १५८०७०६७१९८६२४९, पंधरा अंकी.


धानपट्टा (जि. भंडारा)
मंगळवार, सकाळी ६:५५

खतावणी काकांनी ११ काढून दिला, त्यावरून मी पुढे गेलो. मी बीएस्सीला आहे, गावाकडे आलोय, धान रोवणी चालू आहे म्हणून उशिरा लिहितोय.

पूर्ण अवयव असे आहेत:
१७६६३१९०४९ = ११ × ५९ × १५२३ × १७८७
२२६१५३९८० = २ × २ × ३ × ३ × ५ × १३ × १२७ × ७६१

१५२३ ओळखीचा वाटला असेल. सरांच्या भावनेतल्या १५२३/२ मधलाच तो. शेवटचं उत्तर हे १९५/२, १५२३/२ ची स्वतःशी दोनदा भावना केल्यासारखं आहे, म्हणून मोठ्या आकड्यात १५२३ आणि लहान आकड्यात १९५ अख्खे शिल्लक राहतात. भागून पाहिलं तर:

१७६६३१९०४९ = १५२३ × ११५९७६३
२२६१५३९८० = १९५ × ११५९७६४

पुन्हा लागोपाठचे आकडे! ११५९७६३ आणि ११५९७६४. हे पाहून मी बांधावरच बसलो.

आणखी एक. पायरी_पायरी यांनी दाखवलं तसं मोठा आकडा म्हणजे २ × २९७१८² + १. 'दोन गुणिले वर्ग, अधिक एक' अशा संख्येच्या कुठल्याही मूळ अवयवाला ८ ने भागलं तर बाकी १ किंवा ३ च उरते, ५ किंवा ७ कधीच नाही, असं प्रमेय आहे. म्हणून अवयव शोधताना ७, १३, २३, २९, ३१, ३७ या सगळ्या संख्या मला तपासाव्याच लागल्या नाहीत, अर्धं काम वाचलं. आणि इथे तर चारही अवयवांची बाकी ३ च आहे: ११ = ८ + ३, ५९ = ५६ + ३, १५२३ = १५२० + ३, १७८७ = १७८४ + ३.


खतावणी
मंगळवार, सकाळी ९:३०

बेटा, १५२३ × ११५९७६३ मी हाताने गुणून पाहिलं. जुळलं. ताळाही घेतला. रोवणी झाली की असंच लिहीत जा.


काळीमाती
मंगळवार, रात्री ८:००

धानपट्टा, वा! लागोपाठची ती दुसरी जोडी मी पाहिली नव्हती.

ज्यांना हात बसवायचा आहे त्यांनी ६७ करावा. हेही भास्कराचार्यांचंच उदाहरण. सुरुवात कनिष्ठ १, ज्येष्ठ ८, क्षेप उणे ३. चक्रवालाच्या तीन पायऱ्या लागतील. भावना घाईने करू नका, क्षेप २ किंवा उणे २ आला की मग करा. क्षेपाचं चिन्ह दर पायरीला नीट लिहा, पोरं तिथेच घसरतात.


पळसफूल
मंगळवार, रात्री १०:१५

सर, लेकीने केलं. तिच्याच वहीतून उतरवते.

१, ८, उणे ३. ७ घेतला. नवे ५, ४१, क्षेप ६. पडताळा १६८१ − १६७५ = ६.
मग ५ घेतला. ५ × ५ + ४१ = ६६, ६ ने भागून ११. नवे ११, ९०, क्षेप उणे ७. पडताळा ८१०० − ८१०७.
मग ९ घेतला. ११ × ९ + ९० = १८९, ७ ने भागून २७. नवे २७, २२१, क्षेप उणे २. पडताळा ४८८४१ − ४८८४३.
आता स्वतःशी भावना: ११९३४, ९७६८४, क्षेप ४. दोन्ही निम्मे केले: ५९६७, ४८८४२, क्षेप १.

नवाचा आणि अकराचा, दोन्ही ताळे तिने घेतले. ती विचारतेय की ६७ ला ४ ने भागून ३ उरतात, म्हणजे इथे क्षेप उणे १ कधीच येणार नाही का?


पायरी_पायरी
मंगळवार, रात्री १०:४०

कधीच नाही, आणि कारण तिला नववीतच पटेल. क्षेप उणे १ आला असता तर ज्येष्ठाचा वर्ग अधिक १ ही संख्या ६७ ची पट झाली असती. पण जी मूळ संख्या ४ ने भागून ३ उरवते, ती 'वर्ग अधिक १' ला कधीच भागत नाही. तिला ३, ७, ११ घेऊन तपासायला सांगा. १ ते १० चे वर्ग, प्रत्येकात १ मिळवायचा, आणि तिघांनी भागून बाकी लिहायची. एकाही ठिकाणी शून्य येणार नाही. मग ५ आणि १३ घेऊन तेच करू द्या.